ककणेराचं उष्टं

“देवीनंच जागा मोकळी करून दिली बघा,” बापू शितप म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि कुणाच्या मयताला उभं राहावं तसे उभे राहिले.

वैशाखातलं वादळ आदल्या दुपारी येऊन गेलं होतं. तळेकोंडात कुणाची कौलं उडाली, कुणाचा शेतावरचा मांगर बसला, पण सकाळी कुणी आपलं घर बघत बसलं नाही. सगळा गाव जाकादेवीच्या राईत जमला. राईतलं थोरलं रानजायफळ मुळांसकट उपटून आडवं झालं होतं. रानजायफळाच्या सालीतून लाल चीक येतो. मोडल्या फांद्यांतून तो गळत होता आणि खालची माती भिजली होती. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मीही त्यांच्यात होते, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आवरलं नाही.

राई म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हल्ली शहरातून माणसं येतात आणि “बाग छान ठेवलीय हो” म्हणून जातात. बाग माणूस लावतो. राई कुणी लावलेली नाही, देवीच्या नावानं राखलेलं मूळचं रान आहे ते. तिथलं वाळकं काटूकसुद्धा कुणाच्या चुलीत जात नाही. पडलेलं फळ उचलायचं नाही, उभं काही मोडायचं नाही, आणि आत लोखंड न्यायचं नाही, मग ती कोयती असो की सुई. मी लग्न होऊन गुरवाच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी राईच्या दगडी गडग्यापाशी माझ्या केसांतले आकडे काढून घेतले होते. केस मोकळे सोडून नवी नवरी देवीच्या पाया पडली. तेव्हा राग आला होता मला. पुढे माझ्याच हातानं मी किती पाहुणींचे आकडे काढून घेतले ते विचारू नका.

बापू गावचा मानकरी. वार्षिकाला, म्हणजे वर्षाच्या उत्सवाला, देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. माणूस वाईट नव्हता. दर वार्षिकाला उघड्यावर बसून म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण लोखंडाशिवाय पाया खणायचा कसा, म्हणून ते राहून गेलं होतं. आणि आता झाड पडून तिथं विहिरीएवढा खड्डा झाला होता.

“खणायचं कामच उरलं नाय,” तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला. “ह्यात सिमेंट ओतायचं नि वर सभामंडप उभा करायचा. मुंबईचं मंडळ मदतीला आहे. तुळशीचं लगीन झालं की भूमिपूजन.”

“नि झाड?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा.

“झाड पडलं, आबा. पडलेलं उभं कोण करणार?”

राईत रानजायफळाची आणखी दोन झाडं होती, पण ती नर. फुलतात, फळत नाहीत. आडवी झालेली ही थोरली, सगळा गाव तिला तसंच म्हणायचा, तेवढी लेकुरवाळी होती. तिच्याबरोबर खाली आलेली फळं हिरवी, कच्ची होती, आणि पिकली असती तरी ती उचलणार कोण? गावातला प्रत्येक माणूस राईचा कायदा आईच्या दुधाबरोबर प्यालेला. आबा घरी आले, ओटीवर बसले आणि एवढंच म्हणाले, “वंश बुडाला.”

माझे यजमान मुंबईला गोदीत नोकरीला. घरी आम्ही तिघंच, आबा, सासूबाई आणि मी. आबांनी त्या दिवशी पेजेला तोंड लावलं नाही. गुरवाच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या राई राखली आणि आपल्या डोळ्यांदेखत थोरलं झाड गेलं, त्या जागी आता सिमेंट जाणार, हे त्या माणसाला खाऊन टाकत होतं. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डोंगराकडच्या वरकस जमिनीत गेले. तिथं बांधावर एक जुना बेहडा आहे, वादळात टिकला की नाही ते बघायला म्हणून. बेहडा टिकला होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेराचं घरटं असतं. ककणेर म्हणजे तो पिवळ्या मोठ्या चोचीचा, उडताना पंखांचा आवाज करणारा पक्षी. त्याची मादी ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते, आणि बारीक फटीतून नर तिला भरवत राहतो. आमच्या सासूबाई म्हणत, “नवरा असावा तर ककणेरासारखा, नाहीतर आमचे हे, पाणीसुद्धा मागून घेतात.”

त्या दिवशीही नर फटीत चोच घालून पिल्लाला भरवत होता. भरवून गेला आणि वरून टपकन काहीतरी खाली पडलं. मी वाकून बघितलं. ढोलीखाली बियांची रास पडली होती. गर खाऊन ओकून टाकलेल्या, चकचकीत बिया. त्यांत वडाउंबराचा चुरा होता, काकडाच्या झाडाच्या आठळ्या होत्या, आणि मधून मधून लांबट तपकिरी, अंगावर रेघा असलेल्या. ही बी मी राईत पायाखाली हजार वेळा बघितली होती आणि एकदाही हात लावला नव्हता. थोरलीची बी. तिची पहिली फळं वादळाआधीच पिकली होती आणि ककणेरानं ती बांधावर आणून टाकली होती.

उचलू की नको? गुरवाची सून मी. पण राई तिकडे खाली ओढ्यापाशी, आणि मी उभी होते आमच्या जमिनीत. शेवटी पदर पसरला आणि मिळाल्या तेवढ्या बिया गोळा केल्या. ओंजळभर भरल्या असतील.

घरी येऊन पदर आबांसमोर उघडला. त्यांनी बियांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कुठून?”

“बेहड्याखालून. ककणेराच्या घरट्याखाली.”

ते उठले, चपला घातल्या आणि बांधाकडे चालू पडले. पुष्कळ वेळानं परत आले. पाय धुतले आणि आत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आबांचं असंच. त्यांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा दगडाचं दूध काढणं सोपं.

सासूबाईंचं मात्र उलट. चंद्रा गुरवीण म्हणजे बियाण्यातली सरदारीण. भाताचं असो की पडवळाचं, गावात कुणाचं बी फुकट गेलं तर लोक आमच्या दारात यायचे. तिच्या हातचं बी कधी मेलं नाही, असा लौकिक होता, आणि तो लौकिक ती रोज एकदा तरी आम्हाला ऐकवायची. तिनं बिया बघितल्या आणि डोळे चमकले.

“शालन, त्या बियांना ऊन दाखवलंस का?”

“नाही दाखवणार, आई. ओल्याच पेरते.”

“ओल्या? अगो, बी म्हणजे ऊन. चार दिवस ऊन दाखवायचं, राख चोळायची, मडक्यात भरायचं नि मिरगाला काढायचं. ओलं पेरून कुजवायचंय काय तुला?”

“आंब्याची कोय आपण वाळवून लावतो का? फणसाची आठळी?”

“आठळ्या वाळवून वर्षभर ठेवते मी.”

“खायला ठेवता. पेरायला नाही.”

पण हार मानेल तर ती चंद्रा गुरवीण कसली. “हे देवीचं बी आहे,” ती म्हणाली. “कोय आठळीसारखं उकिरड्यावर फेकायचं नाय. त्याचं सगळं रीतीनं झालं पायजे.”

शेवटी वाटण्या केल्या. बिया मधोमध वाटून अर्ध्या तिला, अर्ध्या मला. तिनं आपल्या बिया धुतल्या, सुपात पसरल्या, कावळ्यांना हाकलत उन्हात बसली. राख चोळताना ओठ हलत होते, देवीचं नाव घेत असावी. मी नारळाची सोडणं घेतली, त्यांत कुजलेल्या पालापाचोळ्याची माती भरली, ओली बी बोटानं आत दाबली आणि न्हाणीमागच्या सावलीत मांडून ठेवली. जाता येता ती माझ्या सोडणांकडे बघून नाक मुरडायची. “चिखल करून ठेवलाय,” म्हणायची.

मिरग आला. तिनं मडकं उघडून आपल्या बिया ओटीसमोर वाफा करून पेरल्या, वर तांदळाची कणी आणि हळदकुंकू. आषाढात माझ्या सोडणांतून लालसर कोंब वर आले. सगळ्यांतून नाही, पण आले. मी ओरडत घरात गेले. आबा काठी टेकत बाहेर आले, वाकले, आणि त्यांनी एका कोंबाला हात जोडले.

सासूबाईंच्या वाफ्यात काही आलं नाही. श्रावण गेला. ती रोज सकाळी वाफ्याजवळ बसायची, माती बोटानं चाचपायची. मी मुद्दाम तिकडे जायचं टाळत होते. गणपतीच्या आधी एक दिवस तिनं एक बी उकरून काढली आणि पाट्यावर फोडली. आत कोरडा भुसा. मला हाक मारली आणि तळहात पुढे केला.

“माझ्या हातून कधी बी मेलं नव्हतं गो,” ती म्हणाली, आणि रडली. पोर गेल्यासारखी रडली ती बाई. मी तिच्याजवळ बसले. जिंकल्याचा आनंद कुठच्या कुठे पळाला. मग तिनं नाक पुसलं, वाफा पायानं सपाट केला आणि न्हाणीमागे गेली. त्या दिवसापासून सोडणांना पाणी घालायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं. कोंबड्या आल्या की शिव्यांची लाखोली. मी रोपांच्या जवळ गेले तर म्हणायची, “लांब हो, सावली पाडू नको.” जसं काही तिनंच ती पेरली होती.

तुळशीचं लग्न झालं तोवर रोपं वीतभर वाढली होती. त्यांना पानं फुटली होती, लांब, वरून हिरवीगार आणि खालून पांढरट. रोपांबद्दल आबा अजून काही बोललेले नव्हते.

भूमिपूजनाच्या सकाळी मी टोपलीत रोपं भरली. आबांना म्हटलं, “मी ही राईत नेतेय. त्या खड्ड्यात लावायला. तुम्ही नको म्हणालात तर गडग्यापाशी थांबेन.” त्यांनी मुंडासं बांधलं आणि माझ्यापुढे चालू लागले. सासूबाई मागे पाण्याची घागर घेऊन. वाटेत तिनं घागर खाली ठेवून माझ्या केसांतले आकडे काढले. विसरले होते मी.

गडग्याबाहेर सिमेंटच्या गोणी रचलेल्या होत्या. सगळा गाव जमलेला. बापू नवं धोतर नेसून नारळ घेऊन उभा होता. टोपली बघून त्याचा चेहरा बदलला.

“हे काय, वहिनी?”

“थोरलीची रोपं.”

गलका झाला. कुणी म्हणालं, देवीचं बी चोरलं. कुणी म्हणालं, गुरवाच्याच घरात असं झालं तर बाकीच्यांनी काय करायचं. बापूनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “राईतलं फळ उचललं तर दंड आहे. माझ्या आज्यानं एक कारवीची काठी मोडली, तर सबंध वर्ष अनवाणी फिरला तो. गुरविणीला वेगळा कायदा नाय.”

“नाहीच,” आबा म्हणाले. इतक्या महिन्यांनी त्यांचं तोंड उघडलं, आणि मी टोपली घट्ट धरली. “शालन, सगळ्यांसमोर सांग. बी राईतून उचललंस?”

“नाही. आपल्या बांधावर, बेहड्याखालून.”

“बांधावर कुणी आणलं?”

“ककणेरानं.”

“मी जाऊन बघून आलोय,” आबा गावाकडे वळून म्हणाले. “ककणेराचं उष्टं होतं ते. आता दंड लावायचा तर ककणेराला लावा. बापू, मानकरी तू, तूच बेहड्यावर चढून निरोप दे.”

लोक हसले. बापू हसला नाही. “बरं, बी चोरीचं नाय. पण आत आणायचं कसं? राईत माणसानं झाड लावल्याचं कधी ऐकलंय?”

“राईतून न्यायचं नाही, असा कायदा आहे. आणायचं नाही, असं कुठं म्हटलंय?”

“मग सिमेंटपण आणायला हरकत नाय,” बापू म्हणाला. बिनतोड बोलला तो, मानलं पाहिजे.

तेवढ्यात एकजण मागून म्हणाला, “आणि हे देवीचंच झाड कशावरून? बाजारातलं जायफळ असलं तर?”

तो प्रश्न सासूबाईंना झोंबला. तिनं माझ्या हातातून टोपली घेतली, गडग्याच्या बाहेरच खाली ठेवली, म्हणजे राईचा कायदा लागू नये. एका रोपाचं खालचं पान देठापासून खुडलं. ज्या रोपांवर ती माझी सावली पडू देत नव्हती, त्यांचं पान. खुडल्या जागी थेंब आला. आधी पाण्यासारखा, मग गुलाबी, आणि सगळे बघत असताना लाल झाला. तो थेंब तिनं बोटावर घेतला आणि बापूच्या समोर धरला.

“बाजारातल्याची पावती असते, बापू,” ती म्हणाली. “ह्याची ही. माझ्या वाटणीची सगळी पोरं मी माझ्या हातानं मारली. बी राखण्यात माझ्यासारखी नाय म्हणून मिरवत होते, नि देवीचं बी मी उन्हात भाजलं. उरली ती हिनं वाढवलेली. ह्यांतलं एकजरी त्या खड्ड्यात उभं राहिलं नाय, तर थोरली पुन्हा दिसायची नाय, तुला नाय नि तुझ्या नातवंडांना नाय. वर छप्पर घालशील, पण खाली राखायला काय उरेल रे?”

माझ्या सासूनं आपली चूक भर गावासमोर बोलून दाखवली. ज्या बाईला चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ते मांजरानं सांडलं असं सांगायची सवय, ती बोलली. त्या घटकेला तिचा जो अभिमान वाटला तो आजही वाटतो.

आबा पुढे आले. “बापू, गाऱ्हाणं घालायचा मान तुझा. मी मध्ये पडत नाही. सिमेंटाचं घालायचं की रोपाचं, तूच ठरव.”

बापूनं सगळ्यांकडे बघितलं. गोणींकडे बघितलं. मग देवीकडे तोंड करून हात जोडले. खाकरून त्यानं सुरुवात केली.

“हे जाकामाते, तळेकोंडच्या राखणदारणी.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

“तुझं पोरकं झालेलं लेकरू तुझ्या पाखरानं बांधावर ठेवलं.”

“व्हय म्हाराजा.”

“गुरवाच्या सुनेनं ते वाढवलं. आज ते तुझ्या ओटीत घालतोय.” त्यानं टोपलीकडे बघितलं. “त्याला उन्हापासून राख, वाऱ्यापासून राख, गुराढोरांपासून राख, नि आमच्या अकलेपासून राख.”

“व्हय म्हाराजा.” ह्या वेळी माझाही आवाज त्यात होता, सगळ्यांत मोठा.

कुदळ नव्हती, पहार नव्हती. खड्ड्यातली माती लोकांनी हातांनी सारखी केली. बापू नव्या धोतरासकट आत उतरला आणि पहिलं रोप, सोडणासकट, त्यानंच मातीत बसवलं. बाकीची त्याच्या भोवतीनं लावली. सासूबाईंनी घागर ओतली. आणि एकदा ते रोप राईत उभं राहिल्यावर राईचा कायदा त्याला लागू झाला. उभं काही मोडायचं नाही. वर्षानुवर्षं हेच गाऱ्हाण्यात सांगणारा बापू आता मागे कसा फिरणार? गोणी शाळेच्या पटांगणाकडे गेल्या. सभामंडप तिथं झाला, गडग्याबाहेर. चांगला मोठा झाला, म्हातारी माणसं आता पंख्याखाली बसतात.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. आबा गेले. बापू थकला, पण पाहुणा आला की त्याला राईत नेतो आणि “मी लावलं” म्हणून सांगतो. मी हसते. सांगू दे की, लावलंच त्यानं. दरवर्षी बेहड्याखालची रास मी वेचते. काकड, बेहडा, धूप, काय काय मिळतं, त्यांची रोपं करून उजाड डोंगराला लावतो आम्ही बायका. आजूबाजूच्या गावांतल्या देवराया आमच्या रोपांनी भरतायत. पण रानजायफळाची बी त्या राशीत पुन्हा कधी दिसली नव्हती. लावलेली झाडं घरापेक्षा उंच झाली, तरी फळत नव्हती. कुठलं नर नि कुठलं मादी, ते फुलल्याशिवाय कळत नाही. गावात कुजबुज व्हायची, सगळी नरच निघाली म्हणून. मी मात्र दर वैशाखात रास दोनदा चाळायची.

ह्या वैशाखात बेहड्याखाली वाकले आणि हात तसाच राहिला. लांबट, तपकिरी, अंगावर रेघा. एकच. वर फटीतून पिल्लू चोच काढून ओरडत होतं.

सासूबाईंना आता दिसत नाही, ओटीवर बसून असते. मी बी तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. तिनं बोटांनी ती चाचपली, फिरवली, नखानं रेघा मोजल्यासारखं केलं. मग माझा हात शोधून बी माझ्या हातात परत दिली.

“ओलंच पेर गो,” ती म्हणाली. “ऊन दाखवू नको.”